एक वाजून चाळीस

नेझ्का दिवसभर पोस्टात तिकिटं चिकटवते.
तिचा आवाजही तसाच, चपटा,
वायरलेसवर कधी चढत नाही.
कड्यावर तिच्याहून चपळ आमच्यात सहाजण आहेत,
दोरावर तिच्याहून तरबेज निदान चार.
तरी हाक आली की बाराच्या बारा माणसं
तिच्या टेबलाकडे बघत बूट बांधतात.
पगार कुणालाच नाही.
मी शाळेची बस चालवतो, लोव्रो सुतार आहे.

त्या ऑक्टोबरात याकोब हरवला,
बोहिनच्या तळ्यावरच्या वस्तीतला, मधमाशा पाळणारा,
आपल्याच घराचं दार अलीकडे ओळखेनासा झालेला.
आम्ही नकाशावर वाकलो, प्रत्येकाकडे एक खात्रीची दिशा.
नेझ्काने सगळ्यांत नव्या पोराला विचारलं,
"गाश्पर, तुला काय वाटतं?"
मग त्याच्याहून जुन्याला, मग मला,
आणि अगदी शेवटी लोव्रोला,
तीस वर्षं ज्याचा शब्द इथे खाली पडत नाही.
का, ते मला पुढच्या हिवाळ्यात उमगलं:
लोव्रो आधी बोलला की आम्हा सगळ्यांना
आपणही तेच म्हणणार होतो असं वाटतं.

मग ती म्हातारीकडे वळली.
कुठे गेला असेल, हे सगळेच विचारून झाले होते.
नेझ्का म्हणाली, "तुमचं नवीन लग्न झालं तेव्हा
रुसला की कुठे जाऊन बसायचा?"
म्हातारी डोक्यावरच्या रुमालाची गाठ चाचपत राहिली.
"वरच्या कुरणात. रंगवलेल्या पेट्यांपाशी.
पण त्या पेट्या तर केव्हाच उचलल्या."

याकोबचा मुलगा उर्बान आमच्याच पथकातला.
त्याला तिने वर पाठवलं नाही.
"माझ्याशेजारी बस. वायरलेसवर येईल ते लिहून घे."

कुरणाच्या खाली धुकं इतकं दाट
की बॅटरीचा उजेड आपल्याच तोंडावर परत यायचा.
वरून दगड सुटत होते,
आधी आवाज, मग वारा, मग काहीच नाही.
लोव्रो म्हणाला, "अजून अर्धा तास दे."
"नाही."
एवढंच. मग जरा थांबून,
"गाश्परचे हात बघ कुणीतरी."
मी बघितलं. पोराला हूक सोडवता येत नव्हता.
तासभर मी त्याच्या कोपराला कोपर लावून चालत होतो.

खाली काय झालं ते नंतर कळलं.
ती उर्बानला म्हणाली, "लिही. एक चाळीस. सगळे परत."
उर्बानने पेन हातात धरलं आणि लिहिलं नाही.
तिने ओढून घेतलं नाही.
दुसरं पेन काढलं,
त्याच्या अक्षराखाली आपल्या अक्षरात लिहिलं
आणि पुढे सही केली, पूर्ण नावाची.

उतरताना आम्ही तिला शिव्या दिल्या,
मीही दिल्या. लोव्रोने दिल्या नाहीत.

साडेपाचला पुन्हा चढलो.
लार्चच्या झाडाखाली याकोब बसलेला होता,
आम्ही फिरलो तिथून दोनशे पावलांवर,
तळवे मांडीवर उताणे, काहीतरी उडून येऊन बसेल असे.
डॉक्टर म्हणाले, संध्याकाळीच गेला असावा.
मग म्हणाले, मध्यरात्रही असेल,
नंतरही असू शकेल, थंडीत नेमकं सांगता येत नाही.
अहवालात तिने तिन्ही लिहिलं.
लोव्रो म्हणाला, पहिलंच ठेव की.
ती कप विसळत होती.
"गाडी कोण चालवणार? झोप कुणाची झालीय?"
आठ वाजता तिने पोस्ट उघडलं.

उर्बान परत आला नाही.
त्याच्या खुंटीवर ती दुसऱ्या कुणाचं हेल्मेट टांगू देत नाही,
आणि त्याच्या घराची पत्रं
आजारी असली तरी स्वतः नेऊन टाकते.

येत्या वसंतापासून टेबलाशी मी बसायचं ठरलंय.
काही शिकवशील का, विचारलं,
तर म्हणाली, "चांगली चालणारी दोन पेनं ठेव."
सकाळी पोरं उतरली की
रिकाम्या बसमध्ये मी सराव करतो:
नाही. नाही.
आरशात बघून, सपाट आवाजात.
अजून चढतोच.